टेबल हलतंय, म्हणून अक्षर असं

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या सांडोबाचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो नाही, कंबर धरली आहे. पण मनाने जमिनीला टेकलो आहे असं समज.) काकांनाही नमस्कार सांग. पत्राच्या सुरुवातीला ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे खरी, पण विनंती एकदम पुढ्यात आली की तू पत्राची घडी घालून ते उशीखाली सारतेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा विनंतीकडे शेवटी येतो. आधी ख्यालीखुशाली. आमच्याकडे सगळे बरे आहेत. ही बरी आहे. सासूबाई बऱ्या आहेत (त्या नेहमीच बऱ्या असतात, आजारी पडायचं काम त्यांनी आमच्यावर सोपवलं आहे). आणि मीही बराच आहे. अक्षर जरा वेडंवाकडं आलंय, तिकडे दुर्लक्ष कर. या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

तुझं गुडघ्यांचं पत्र पोचलं. त्याच्या आधीचं गुडघ्यांचं पत्रही पोचलं होतं, आणि त्याच्याही आधीचं. ‘यंदा येणं जमेलसं दिसत नाही, गुडघे साथ देत नाहीत’ हे वाक्य काकांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात मला आता तोंडपाठ झालं आहे. त्या गुडघ्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त काकांनी त्याच पत्राच्या समासात, तुला न विचारता, बारीक अक्षरात कळवलं आहे की तू रोज दोन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालतेस, आणि मध्यंतरी शेजाऱ्यांचा बोका पाण्याच्या टाकीवर अडकला तेव्हा शिडी लावून तूच त्याला उतरवलंस. (काकांवर रागावू नकोस. माणूस सरळ आहे, आणि समासात जागा होती.) तर असे हे गुडघे. शिडी चढतात, बोका उतरवतात, फक्त आमच्या घराचं नाव काढलं की बसकण मारतात.

तू आमच्याकडे आलीस त्याला वर्ष उलटून गेलं. त्या दिवशी जे झालं त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही, त्यामुळे ते सगळ्यांच्या लख्ख लक्षात आहे. सासूबाईंनी भरलेला कप तुझ्या हातात दिला, बशीत कप वाजायला लागला, बोलणारे सगळे बोलायचे थांबले, आणि चहा सोफ्याच्या नव्या खोळीवर गेला. सासूबाई ‘असू दे, असू दे’ म्हणाल्या. त्या ‘असू दे’मध्ये असू देण्याचा काही भाग नव्हता हे मलाही कळलं, मग तुला तर कळलंच असणार. तू हसलीस, हात पदराखाली नेलास आणि बस चुकेल म्हणून निघालीस. (बस सुटायला पुष्कळ वेळ होता. मी थांब्यावर तुझ्याबरोबर उभा होतो ना.) तेव्हापासून तुझे गुडघे दुखतात. फोनवर हा विषय काढला की तुला ‘आवाज येत नाही’. म्हणून हे पत्र.

आता मुद्द्यावर येण्यासाठी मला आधी मुद्दा सोडून बराच लांब जावं लागेल. तू दर भेटीत विचारतेस की मी नोकरीत नेमकं करतो काय, आणि मी दर वेळी ‘गणितातलं काहीतरी’ म्हणून वेळ मारून नेतो. आज सांगतोच. मावशी, मी चहा सांडण्याचं गणित करतो. हसून घे. झालं? माणूस भरलेला कप घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, यात तीन पक्ष असतात: मेंदू, शरीर आणि बाकीचं जग. मेंदू म्हणतो, चल. पाय चालतात. पाय चालले की हात हलतो, हात हलला की कप हलतो, कप हलला की चहा हलतो, आणि चहाला स्वतःची एक लय असते. चालण्याची लय त्या लयीशी जुळली की चहा उड्या मारायला लागतो. डोळ्यांना ते दिसतं, डोळे मेंदूला कळवतात, पण निरोप पोचायला उशीर होतो, तोवर चहा पुढच्या उडीच्या तयारीत असतो. म्हणून मेंदू निरोपाची वाट बघत बसत नाही, अंदाजानेच हाताला आधी हुकूम सोडतो. (म्हणजे अगदी तुझ्यासारखं. मी दारातून ‘मावशी’ एवढं म्हणायच्या आत तू ‘नाही, आधी अभ्यास’ म्हणायचीस.) मग यात कोण कोणाला चालवतं? मेंदू चहाला, की चहा मेंदूला? तर सगळे एकमेकांना एकाच वेळी चालवतात. ते कसं, हे लिहून ठेवणारी जी वाक्यं, ती आमची समीकरणं. आत्ता कोण कुठे आहे ते त्यांना सांगितलं की पुढच्या क्षणी कोण कुठे असेल ते ती सांगतात. ती बरोबर निघाली तर त्यांना प्रतिमान म्हणतात. चुकीची निघाली तरी प्रतिमानच म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात.

उपयोग काय, म्हणशील. उपयोग आहे. ज्यांचे हातपाय ऐन वेळी दगा देतात त्यांच्यासाठी भांडी कशी असावीत, जिना कसा असावा, पडणाऱ्या माणसाला आधार कुठे द्यावा, हे सगळं यातून पुढे कधीतरी कळेल. कधीतरी. सध्या आम्हाला एक खोली, एक लांबच लांब बोळ, तीन खुर्च्या आणि एक चहाची किटली मिळाली आहे.

तीन खुर्च्यांवर तिघं बसतो. मेंदूची समीकरणं करतो तो मेंदूवाला. त्याला सगळ्याच गोष्टी आधी कळतात आणि तो त्या सगळ्यांना सांगतो. शरीराची करते ती हाडवाली. ती पूर्वी दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घ्यायची, आणि अजूनही कोणी खुर्चीत वाकडं बसलेलं दिसलं की मागून येऊन त्याच्या पाठीत बोट खुपसते. आणि उरलेलं जग माझ्याकडे. म्हणजे फरशी, उंबरा, दार, कप, बशी, चहा आणि वारा. सुरुवातीला मला वाटलं की तिघांत मोठा वाटा आपल्याला आला. मग लक्षात आलं की जे कोणाचंच नसतं ते माझं असतं. किटली घासणं, उदाहरणार्थ.

समीकरणांमध्ये मेंदू, शरीर आणि जग क्षणोक्षणी एकमेकांशी बोलतात. आमच्या खोलीत मेंदू आणि शरीर यांचं बोलणं गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे. कारण खिडकी. मेंदूवाल्याला झुळूक लागली की शिंका येतात, आणि हाडवालीला बंद खोलीत गुदमरतं. खिडकी जगात मोडते, म्हणून तंटा माझ्यापुढे आला. मी विचारपूर्वक खिडकी अर्धी उघडली. त्यामुळे एकाला शिंका येत राहिल्या, दुसरीला गुदमरत राहिलं आणि दोघांच्याही मते मी समोरच्याच्या बाजूचा ठरलो. तेव्हापासून मेंदूचा निरोप शरीराला माझ्यामार्फत जातो. मेंदूवाला म्हणतो, बाईंना सांगा खांद्याचा आकडा चुकलाय. बाई हातभर अंतरावर बसलेल्या असतात. मी सांगतो. बाई म्हणतात, त्यांना सांगा आधी स्वतःचं डोकं तपासा. मी तेही सांगतो, पण जरा गोड करून, आणि त्यामुळे उशिरा. मेंदूचा निरोप हाताला पोचायला उशीर का होतो यावर आमचा तिघांचा एक लेख छापून आला आहे, आणि तो बराच अनुभवसिद्ध आहे.

(वरची ओळ तीनदा खोडली आहे. टेबलाच्या पायाखाली आत्ता कागदाची घडी सारली. तरी डुगडुगतंय.)

प्रयोग बोळात चालतात. कप नेणाऱ्याच्या मनगटाला, कोपराला आणि कमरेला पट्टे बांधतो, ते हाताची बारीकशी हालचालही टिपतात आणि पडद्यावर तिची रेघ उमटते. नवे पट्टे आले की आधी ते आमच्याच मनगटांना बांधून तपासायचे अशी आमची पद्धत आहे. यंदाच्या पट्ट्यांत माझ्या वाट्याला आलेला बिघडका निघाला. मी हात अगदी स्थिर धरला तरी पडद्यावर करवतीच्या पात्यासारखी रेघ. मेंदूवाल्याने पट्टा बदलून दिला, तोही बिघडका. मग तिसरा, खोक्यातून नवा कोरा काढलेला. तोही! मेंदूवाल्याने पट्टे बनवणाऱ्यांना एक खरमरीत पत्र धाडलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की पट्टे उत्तम आहेत. त्यावर त्याने आणखी खरमरीत पत्र धाडलं. हाडवाली तेवढा वेळ माझ्याकडे बघत होती, बोलली काही नाही (पण ती तशीही बोलत नाही). शेवटी ‘उपकरण सदोष’ असा शेरा मारून आम्ही माझे आकडे गाळून टाकले आणि कामाला लागलो. शास्त्रात असं करावं लागतं.

तर आता तो प्रसंग. आमच्या शेजारच्या खोल्यांत झोपेवर संशोधन करणारी मंडळी आहेत. (स्वभावाने शांत. दुपारी तर फारच.) त्यांना आमचा बोळ खाटा ठेवायला हवा आहे, आणि त्यांनी तसा अर्जही केला होता. बोळ कोणाचा, आणि आमचं काम पुढे चालू द्यायचं की किटली परत करायची, हे ठरवायला बाहेरून एक समिती येणार होती. समितीपुढे प्रत्यक्ष कप नेऊन दाखवायचा, आणि त्याच वेळी पडद्यावर आमचं गणित आधीच सांगणार की चहा सांडणार की नाही, असा बेत होता. कप न्यायला आम्ही लांब उडीतली एक तरबेज मुलगी तयार केली होती. ती लांब उडीत कधी धडपडली नाही, पण समितीच्या दिवशी सकाळी फुटपाथवरून खाली उतरताना तिचा पाय मुरगळला. फुटपाथ जगात मोडतो, म्हणून मेंदूवाल्याने माझ्याकडे बघितलं.

अशा वेळी दारात सासूबाई उभ्या. त्या माझा घरी राहिलेला चष्मा घेऊन आल्या होत्या. (चष्मा मी खरोखरच विसरलो होतो. हिला विचार.) जावई दिवसभर काय करतात हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती, आणि ती अशी पूर्ण झाली की जावई रिकाम्या बोळात हातात रिकामा कप घेऊन रडकुंडीला आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, एवढ्यासाठी तिघं? आणि पुढे म्हणाल्या की आयुष्यात त्यांच्या हातून चहाचा थेंब सांडलेला नाही. हे वाक्य तू ऐकलेलं आहेस. मी ते बरेचदा ऐकलं आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ते वाक्य कोणाच्या तरी उपयोगाचं होतं. हाडवालीने लगेच त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला, आणि बांधता बांधता पाठीत बोट खुपसून त्यांना ताठही केलं. सासूबाईंच्या पाठीत बोट खुपसणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली.

रंगीत तालीम झाली. मावशी, काय सांगू! पडद्यावर दोन रेघा असतात. हिरवी म्हणजे गणिताच्या मते काय होणार, आणि निळी म्हणजे खरोखर काय होतंय. रिकाम्या बोळातून सासूबाई निघाल्या, आणि हिरवीवर निळी अशी बसली की दोन्हींची मिळून एकच रेघ दिसायला लागली. कप काठोकाठ भरलेला, बोळाच्या टोकाशी तो जसाच्या तसा पोचला. मेंदूवाल्याचे डोळे भरून आले. तो हाडवालीकडे वळून ‘बघितलंत?’ म्हणाला, आणि ती ‘हो’ म्हणाली. हिवाळ्यानंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण. मी जाऊन खिडकी उघडली, आणि कोणी काही म्हटलं नाही.

मग समिती आली. अध्यक्ष म्हणजे फिकट रंगाचा सूट घातलेले, ओठ मिटून ऐकणारे गृहस्थ. आमच्या विभागप्रमुख बाईंना नाट्याची आवड आहे, त्यांनी सुचवलं की नुसता कप नेऊन काय दाखवायचा, बोळाच्या टोकाशी अध्यक्षांनाच बसवू, म्हणजे शास्त्रही होईल आणि त्यांचा चहाही होईल. अध्यक्ष बसले. बाकीचे सदस्य त्यांच्या दोन्ही बाजूंना बसले. झोपवाले सुद्धा जागे होऊन दारात येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या गणिताने हिरव्या अक्षरांत आधीच जाहीर करून टाकलं: ‘एकही थेंब सांडणार नाही.’ सासूबाई निघाल्या.

अर्ध्या बोळापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे त्यांनी मान वर केली, आणि त्यांना दिसलं की एवढे सगळे लोक त्यांच्याकडे नाही, त्यांच्या हातातल्या कपाकडे बघताहेत. कोणी बोलत नव्हतं. आणि बशीत कप वाजायला लागला. मावशी, तो आवाज मी ओळखला. बारीक, दुरून कुणाचे तरी दात वाजावेत तसा. त्यांनी चाल हळू केली, तर आवाज वाढला. मग त्या स्वतःही कपाकडे बघायला लागल्या, तर आणखी वाढला. निळी रेघ पडद्यावर अशी उधळली की शेवटी ती पडद्याच्या वर निघून गेली. सासूबाई तशाच पुढे जात राहिल्या, कारण मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि अध्यक्षांपर्यंत पोचल्या तेव्हा कपातला निम्मा चहा बशीत होता. उरलेला निम्मा त्यांनी अध्यक्षांच्या सुटावर दिला. त्याच क्षणी पडद्यावर आमच्या गणिताने चालणाऱ्या बाहुलीने आपला काठोकाठ भरलेला कप टेबलावर सुखरूप ठेवला.

अध्यक्षांनी रुमाल काढून मांडी पुसली. ओठ मिटूनच पुसली. मग शांतपणे विचारलं की तुमच्या या गणितातल्या जगात सगळं आहे, फरशी आहे, उंबरा आहे, वारासुद्धा आहे, तर मी कुठे आहे? मेंदूवाल्याने हाडवालीकडे बघितलं, हाडवालीने माझ्याकडे. जग माझ्याकडे असल्यामुळे उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी म्हणालो, “सर, तुम्हाला आम्ही भिंत धरलंय.” खरं तेच होतं. बोळ जिथे संपतो तिथे गणितात भिंत होती, आणि आम्ही ते तसंच ठेवलं होतं. इतके महिने आम्ही माणसं चहा नेतात याचं गणित केलं, पण तो चहा कोणासाठी तरी असतो आणि घेणारा समोर बसून बघत असतो, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अध्यक्षांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, “मग लिहा अहवालात, भिंत ओली झाली.” आणि मावशी, ते हसले. इतके हसले की झोपवाले घाबरले.

काम वाचलं. अट एकच घातली, जगात माणसं आणा. (आणि अर्धा बोळ झोपवाल्यांना द्या. आता आमचे लोक भरले कप घेऊन खाटांच्या मधून चालतात, तेही एक गणितच आहे.) त्याप्रमाणे आम्ही बोळाच्या टोकाशी एकेक माणूस बसवून पाहिला. नुसता बसवला तरी रेघ थोडी बदलते. तो कपाकडे टक लावून बघायला लागला की ज्याचा हात मुळातच थोडा हलत असेल त्याचा फारच हलतो. पण तोच माणूस खिडकीबाहेर बघत काहीतरी फालतू बोलत बसला, की तोच हात, तोच कप, तोच बोळ, आणि हात निवतो. पूर्ण थांबतो असं नाही. निवतो. मेंदूवाला आणि हाडवाली आता यावर तासन्‌तास बोलतात. माझ्याशी मात्र बोलायला त्यांना वेळ मिळत नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी रस्ताभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं माझ्यावरच राग आहे, म्हणून मीही गप्प. घरी आल्यावर हिने चहा टाकला, तर नको म्हणाल्या, आणि सोफ्यावर बसून राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “तुमच्या मावशींच्या कपाकडे मी त्या दिवशी अशीच बघत होते.” उठून आत गेल्या. सोफ्याची ती खोळ त्यांनी वर्षभर उलटी घालून ठेवली होती, डाग खाली जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सुलटी केलेली. डाग आता बैठकीच्या बरोबर मधोमध आहे, आणि कोणी विचारलं तर त्या ‘असू दे’ म्हणतात. या वेळचं ‘असू दे’ खरं आहे, मी नीट ऐकलंय.

पत्र फार लांबलं. काकांना समास मोकळा सोडायची सवय राहू दे. गच्चीवर जाताना कठड्याला हात ठेवत जा. तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार.

तुझा,
सांडोबा

ता. क. विनंती विशेष ती ही: तू आमच्याकडे ये. सगळी सोय केली आहे. घरातल्या झाडून सगळ्या बश्या मी खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या आहेत, आता सगळे कानाचे मोठे कप. कप अर्धा भरायचा असा घरचा कायदा केला आहे, आणि सगळ्या गणिताचं सार तेवढंच निघालं हे कृपा करून आमच्या विभागप्रमुख बाईंना कळवू नकोस. तू चहा घेत असताना सासूबाई खिडकीबाहेर बघत फालतू बोलणार आहेत. बघण्याचा सराव चालू आहे. फालतू बोलण्याचा लागला नाही.

ता. क. दुसरा. आता आणखी एक, आणि चिडू नकोस. येशील तेव्हा एकदा आमच्या बोळातून कप घेऊन चालशील का? मनगटाला छोटासा पट्टा असेल. मेंदूवाला म्हणतो की मुळात हलणारा एक हात मिळाला तर आमच्या गणिताचं भलं होईल. एवढं सगळं पत्र याचसाठी लिहिलं असं समजू नकोस. थोडंसं याचसाठी लिहिलं. पण तू नको म्हणालीस तर पट्टा, बोळ आणि मेंदूवाला तिघंही गेले खड्ड्यात. पट्टा बांधायला हात आमच्याकडे आहे एक.

ता. क. तिसरा. टेबल हलत नाही, मावशी. पायाखालची घडी काढली, चारही पाय चांगले आहेत. ते तिन्ही पट्टेही चांगले होते. हाडवाली त्या दिवशी माझ्याकडे बघत राहिली ती त्यासाठीच, आणि मग तिनेच मला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, वाढेल पण सावकाश, आणि विचारलं की घरात आणखी कोणाला आहे का. आई असती तर तिला विचारलं असतं. मी म्हणालो, विचारून सांगतो. हिला सांगितलंय. सासूबाईंना अजून नाही. पण मला भीती वाटते, ती तुला सांगतोय. गेल्या आठवड्यात समिती पुन्हा आली, तिच्यापुढे सही करायची होती, सगळे माझ्या पेनाकडे बघत होते, आणि मी म्हणालो, गुडघा दुखतोय, जरा बसून करतो. तेव्हा मला कळलं की तुझे गुडघे कुठे दुखतात. तर तुझा हात कधीपासून असा झाला, शर्टाचं बटण लावताना तू काय करतेस, आणि सगळे बघत असले की तेवढा वेळ कसा काढतेस, हे मला हवंय. पत्राने कळवू नकोस. काकांच्या अक्षरात ते मला कळणार नाही. तू ये आणि समोर बसून दाखव. मी कप अर्धेच भरीन, तुझाही आणि माझाही. दोन अर्धे मिळून एक होतो, एवढं गणित मला अजून येतं.